शाळेची पायरी न चढता ६४ अध्याय लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई टिळक

नगर, राहुरी, नाशिक या आपल्या पट्ट्यातल्या बऱ्याच जणांनी शाळेत 'केवढे हे क्रौर्य' ही कविता पाठ केली असेल. जखमी पक्षिणीची ती कविता लिहिणारे नारायण वामन टिळक, म्हणजे रेव्हरंड टिळक. लोकमान्य टिळक वेगळे, हे वेगळे. आडनाव एकच असल्यामुळे आजही गोंधळ होतो म्हणून आधीच सांगून टाकतो. पण आजची गोष्ट त्यांची नाही, त्यांच्या बायकोची आहे. लक्ष्मीबाई कधी शाळेत गेल्या नाहीत. जे काही शिकल्या ते घरात, चुलीपुढे, पोरंबाळं सांभाळत. आणि नवऱ्याने जो मोठा ग्रंथ अर्धवट टाकून जग सोडलं, तो या बाईने पुढे नेला.

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ सालचा. गाव जलालपूर, नाशिकजवळ गोदावरीच्या काठावरचं. माहेरचं आडनाव गोखले. नाव मनकर्णिका, घरात सगळे मनू म्हणायचे. घर कडक ब्राह्मणी, आणि वडिलांचं सोवळं तर विचारू नका. त्यांच्या सासऱ्यांना, म्हणजे मनूच्या आजोबांना, १८५७ च्या धामधुमीत फाशी झाली होती. त्या धक्क्यानंतर वडिलांच्या मनात शिवाशिवीचं असं काही बसलं की बाजारातून आलेली प्रत्येक वस्तू धुतल्याशिवाय घरात घ्यायची नाही. धान्य धुणं एक वेळ समजू शकतो, पण मीठ-साखरसुद्धा पाण्यातून काढायची. आता मीठ धुतलं तर उरणार काय? पण घरात बोलायची कुणाची टाप नव्हती. कुणाचा स्पर्श झाला की आंघोळ, पुन्हा स्पर्श झाला की पुन्हा आंघोळ. मनू त्या धाकात वाढली. लिहिणं-वाचणं हा विषयच नव्हता. त्या काळात मुलीच्या हातात पुस्तक दिसलं तर घराला कमीपणा वाटायचा.

अकराव्या वर्षी लग्न झालं आणि मनूची लक्ष्मी झाली. नवरा तिच्यापेक्षा सहा-सात वर्षांनी मोठा. टिळकांचा जन्म १८६१ चा, रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचा. संस्कृतचा चांगला अभ्यास, तोंडात कविता, बोलायला उभे राहिले की लोक ऐकत बसायचे. पण संसाराच्या बाबतीत हा माणूस म्हणजे नुसता वारा. नोकरी धरायची, सोडायची. आज या गावी, उद्या त्या गावी. कधी न सांगता घरातून निघून जायचे, आणि बायको वाट बघत बसायची. हातात पैसा आला की समोर जो गरजू दिसेल त्याला देऊन मोकळे. घरात पीठ आहे का नाही, हे त्यांना ठाऊकच नसायचं. राग आला तर भडका, आणि तो उतरला की लहान मुलासारखे. अशा माणसाबरोबर नांदायचं म्हणजे काय, ते ज्या बायकांनी असं घर चालवलंय त्यांना वेगळं सांगायला नको.

याच नवऱ्याने लक्ष्मीबाईंना अक्षरं शिकवली. शिकवणंही त्यांच्यासारखंच, लहरीवर. मनात आलं तर पाटी-पुस्तक, नाही आलं तर काही नाही. पण घरात पुस्तकं होती, कागद होते, कविता म्हणून दाखवल्या जात होत्या. कान तयार होत होता. जलालपूरच्या घरात जे कधी मिळालं नसतं ते या फाटक्या संसारात मिळालं. शुद्धलेखनाच्या बाबतीत त्या शेवटपर्यंत काही पंडित झाल्या नाहीत. पण वाचायला आलं, आणि एकदा वाचायला आल्यावर ते कुणाला काढून घेता येत नाही.

गंमत बघा, पुढे त्यांचं घर मोडलं तेही एका पुस्तकामुळेच.

१८९३ साली टिळक नागपूरहून राजनांदगावला रेल्वेने निघाले होते. डब्यात एक युरोपियन प्रवासी भेटला. दोघांच्या गप्पा झाल्या, कवितेवर, धर्मावर. उतरण्याआधी त्याने टिळकांच्या हातात बायबलचा नवा करार ठेवला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असं सांगून गेला. टिळकांनी पुस्तक वाचायला घेतलं ते केवळ शब्द दिला म्हणून. पण डोंगरावरचं प्रवचन नावाचा भाग आला, जिथे येशू शत्रूवरही प्रेम करायला सांगतो, तिथे ते थांबले. जातपात, उच्चनीच याने ते आधीच अस्वस्थ होते. वाचत गेले, ख्रिस्ती लोकांशी पत्रव्यवहार सुरू झाला. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

बायकोला विश्वासात घेऊन हे झालं नव्हतं. इथे टिळकांची बाजू घेणं मला तरी जमत नाही. माणसाचा विश्वास ज्याचा त्याचा, हे खरं. पण त्या काळात ब्राह्मण घरातल्या बाईचा नवरा धर्म बदलून गेला म्हणजे तिची अवस्था काय? विधवा नाही आणि सवाशीण म्हणून मानही नाही. कुंकू आहे पण घर नाही. आधीची मुलं हाताला लागली नव्हती, आता एकच मुलगा, दत्तू, तीन-चार वर्षांचा. लक्ष्मीबाईंवर आभाळ कोसळलं. माहेरच्या आणि सासरच्या माणसांनी त्यांना सांभाळलं हेही सांगायला हवं. त्या काळचे सगळेच नातेवाईक दुष्ट होते असं काही नाही. काही काळ नाशिककडे, काही काळ पंढरपुरात अशी त्यांची चार-पाच वर्षं गेली. विठोबाच्या गावात राहायचं, आणि नवरा तिकडे नगरला मिशनच्या कामात.

या दिवसांत त्या रडल्या, आजारी पडल्या, आणि पद्यं रचू लागल्या. दुःख कुणापुढे मांडायचं, तर ते कागदावर. नवऱ्याने शिकवलेली अक्षरं नवऱ्याच्याच विरहात कामाला आली. टिळकांनी नातं तोडलं नव्हतं. पत्रं यायची. धर्म बदलला तरी बायको तीच, आणि तिने आपल्या मर्जीने आलं तरच यावं, असं त्यांचं म्हणणं होतं. दुसरं लग्न करावं असं त्यांच्या मनातही आलं नाही.

शेवटी लक्ष्मीबाईंनी निर्णय घेतला. दत्तूला घेऊन नगरला नवऱ्याकडे जायचं. पण धर्म सोडायचा नाही.

आता हा भाग नीट समजून घ्या, कारण पुष्कळांना वाटतं की नवरा ख्रिस्ती झाला म्हणून बायकोही मागोमाग झाली. तसं अजिबात नाही. नगरला त्या आल्या त्या ब्राह्मण म्हणूनच. आपला स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळं, सोवळं वेगळं. नवऱ्याच्या घरात ख्रिस्ती लोकांची ये-जा, त्यात कोण कुठल्या जातीचा याचा पत्ता नाही, आणि या बाई आपली घागर सांभाळत बसलेल्या. एका घरात दोन देव आणि दोन पाणवठे म्हणा ना. टिळकांनी जबरदस्ती केली नाही. उतावळ्या स्वभावाच्या त्या माणसाने या एका बाबतीत मात्र धीर धरला, आणि माझ्या मते त्यांच्या आयुष्यातली ही मोठी गोष्ट.

आधी सुटलं ते सोवळं. वडिलांच्या घरापासून जे अंगात भिनलं होतं, त्यावर लक्ष्मीबाई स्वतःशीच विचार करू लागल्या. माणसाला जन्माला घालताना देवाने त्याच्यावर जातीचा शिक्का मारलेला दिसत नाही, मग हा शिक्का आला कुठून? एका रात्री हा विचार डोक्यात इतका घोळला की सकाळी त्यांनी ठरवूनच टाकलं, यापुढे कुणाच्याही हातचं खायचं-प्यायचं. कुणी उपदेश केला नव्हता, कुणी वाद घातला नव्हता. मीठसुद्धा धुऊन खाणाऱ्या बापाची मुलगी ही! मग वाचन, घरातली प्रार्थना, टिळकांची भजनं, आजूबाजूची माणसं हे सगळं हळूहळू मनात उतरत गेलं. टिळक तेव्हा राहुरीच्या मंडळीचं काम बघत होते. १९०० साली राहुरीतच लक्ष्मीबाईंनी बाप्तिस्मा घेतला. नवऱ्यानंतर तब्बल पाच वर्षांनी.

ते साल आठवा. १८९९-१९०० चा मोठा दुष्काळ. नगर जिल्ह्यात माणसं आणि जनावरं दोन्ही मरत होती. त्यात प्लेगची साथ. पोरकी झालेली लेकरं मिशनच्या दारात येत होती. टिळकांचं घर म्हणजे जवळजवळ धर्मशाळाच. कोणाचं पोर, कोणाचा भाऊ, शिकायला आलेला विद्यार्थी, भुकेला आलेला कवी, सगळे एकाच पंगतीला. टिळक माणसं आणायचे आणि लक्ष्मीबाई त्यांना वाढायच्या. घरात किती पैसे आहेत याचा हिशोब त्यांच्याकडे, आणि ते वाटून टाकण्याचं काम टिळकांकडे. यावरून भांडणं व्हायची ती अगदी जोरदार. लक्ष्मीबाईंनी पुढे आपल्या पुस्तकात ही भांडणं लपवली नाहीत. उलट अशी रंगवून सांगितली की वाचताना हसू आवरत नाही. पण प्लेगच्या दिवसांत रोग्यांच्या सेवेला उभं राहायची वेळ आली तेव्हा त्या मागे राहिल्या नाहीत. ज्या रोगाच्या भीतीने लोक गाव सोडून रानात झोपड्या टाकत होते, त्या रोगाची ती गोष्ट.

या घरात शाळेसारखी शाळा नव्हती, पण शिकणं चोवीस तास चालू होतं. सकाळी प्रार्थना, बायबलमधला उतारा. मग टिळकांची नवी कविता. टिळकांना वाटायचं की येशूची गोष्ट इथल्या माणसाला इथल्या चालीत ऐकू आली पाहिजे. तोवर देवळात, म्हणजे चर्चमध्ये, विलायती चालींवर गाणी म्हटली जायची. टिळकांनी अभंग, ओवी, भजन यांत शेकडो गीतं लिहिली. आजही मराठी ख्रिस्ती मंडळींच्या 'उपासना संगीत' या पुस्तकात त्यांची गीतं भरलेली आहेत, आणि आपल्या तालुक्यातल्या चर्चमध्ये रविवारी ती म्हटली जातात. ही गीतं आधी घरात म्हटली जायची. पहिले श्रोते म्हणजे घरची माणसं, आणि पहिली टीकाही घरातूनच.

बालकवी ठोमरे हे नाव तुम्हाला माहीत असेल, निसर्गकवी म्हणून. १९०७ च्या जळगावच्या कविसंमेलनात या कोवळ्या पोराला लोकांनी डोक्यावर घेतलं. टिळक त्या संमेलनाला होते. पुढे हे बालकवी नगरला टिळकांच्या घरात राहिले. लक्ष्मीबाईंनी त्यांना पोटच्या पोरासारखं वागवलं. ते ब्राह्मण, हिंदू, आणि घर ख्रिस्ती. पण कुणी कुणाला धर्म विचारला नाही. १९१८ साली खानदेशात भादली स्टेशनजवळ रेल्वेखाली सापडून बालकवी गेले. लक्ष्मीबाईंनी त्यांच्यावर लिहिलेलं वाचलं की कळतं, त्यांच्यासाठी तो कवी नव्हता, घरातला एक पोरगा होता.

१९१२ पासून टिळक 'ज्ञानोदय' या पत्राचा मराठी भाग सांभाळू लागले. हे पत्र नगरमध्येच १८४२ साली सुरू झालेलं, मराठीतल्या जुन्यातल्या जुन्या नियतकालिकांपैकी एक. पण टिळक कुठे एका जागी टिकणारे? १९१७ साली त्यांनी मिशनची नोकरीही सोडली, संन्याशासारखं राहायचं ठरवलं आणि साताऱ्याला 'देवाचा दरबार' सुरू केला. जातीचा, पंथाचा प्रश्न न येता येशूला मानणाऱ्या सगळ्यांनी एकत्र यावं ही कल्पना. पगार बंद. घर चालवायचं कसं हा प्रश्न पुन्हा लक्ष्मीबाईंपुढे. दोन वर्षांतच, ९ मे १९१९ रोजी, मुंबईत टिळक वारले.

त्यांच्या मागे एक अर्धवट काम राहिलं होतं. १९०९ मध्ये टिळकांनी 'ख्रिस्तायन' लिहायला घेतलं होतं. रामायण तसं ख्रिस्तायन, म्हणजे येशूचं चरित्र ओवीत. ओवी निवडली यात मोठी अक्कल होती. ज्ञानेश्वरी ओवीत, आणि खेड्यातल्या बाया जात्यावर म्हणायच्या तीही ओवीच. ज्याला वाचता येत नाही त्यालाही ती ऐकून पाठ होते. पण टिळकांच्या हातून दहा-अकरा अध्यायच झाले होते.

नवरा गेला तेव्हा लक्ष्मीबाई पन्नाशीला आलेल्या. मुंबईत मुलींच्या वसतिगृहात मेट्रन म्हणून काम करून बघितलं. मग दत्तू, म्हणजे देवदत्त, नोकरीनिमित्त कराचीला होता, तिकडे काही वर्षं काढली. कराची तेव्हा मुंबई इलाख्यातच होती आणि मराठी माणसं तिथे बरीच होती. नंतर कुटुंब नाशिकला आलं. ज्या नाशिकजवळ त्या सोवळ्यात वाढल्या, तिथेच म्हातारपण.

आणि या सगळ्या काळात त्यांनी ख्रिस्तायन हाती घेतलं. विचार करा, ज्या बाईला नवऱ्याने अक्षरं शिकवली, ती नवऱ्याचा ग्रंथ पुढे लिहायला बसली. टिळकांसारखं संस्कृत त्यांना येत नव्हतं. ग्रीक, हिब्रू तर लांबच. त्यांच्याजवळ होतं ते मराठी बायबल, लहानपणापासून कानावर पडलेल्या पोथ्या-कीर्तनं, आणि स्वतःचं घरगुती मराठी. त्यामुळे त्यांच्या ओव्यांत टिळकांची भारदस्त भाषा सापडणार नाही. काही जाणकार त्यामुळे पहिल्या अध्यायांना जास्त मानतात. मानू देत. चुलीपुढे बसून एखादी आजी गोष्ट सांगते तशी ती लक्ष्मीबाईंची ओवी चालते, आणि ऐकणाऱ्याला ती कळते. असे एक-दोन नाही, ६४ अध्याय त्यांनी लिहिले.

मध्येच मुलाने आणखी एक काम गळ्यात घातलं. वडिलांच्या आठवणी आईने लिहून काढाव्यात असा देवदत्तांचा आग्रह होता. त्यातून 'स्मृतिचित्रे' तयार झालं. १९३४ पासून ते भागाभागाने पुस्तकरूपात येऊ लागलं आणि मराठी वाचक चकित झाले. कारण यात उपदेश नाही, रडगाणं नाही. धुतलेलं मीठ आहे, नवऱ्याशी झालेली भांडणं आहेत, पंढरपूरचे एकटे दिवस आहेत, प्लेग आहे, आणि जागोजागी स्वतःवर केलेला विनोद आहे. धर्म बदलल्यावरही आधीच्या घराबद्दल, नातेवाइकांबद्दल एक कडवट शब्द नाही. मराठीतल्या उत्तम आत्मचरित्रांत आजही याचं नाव आधी घेतलं जातं. आचार्य अत्र्यांनी लक्ष्मीबाईंना साहित्यलक्ष्मी म्हणून गौरवलं. पुढे विजया मेहता यांनी यावर दूरदर्शनसाठी चित्रपट केला, त्यात सुहास जोशी लक्ष्मीबाई झाल्या होत्या. जुन्या लोकांनी तो बघितलेला असेल.

२४ फेब्रुवारी १९३६ रोजी नाशिकला लक्ष्मीबाई गेल्या. ख्रिस्तायनचा शेवटचा अध्याय तेव्हाही बाकीच होता. तो देवदत्तांनी लिहिला. तिघांचे मिळून ७६ अध्याय झाले आणि १९३८ साली ग्रंथ छापून बाहेर आला.

'स्मृतिचित्रे' आपल्याकडच्या बऱ्याच सार्वजनिक वाचनालयांत आहे. पुस्तक जाड दिसतं म्हणून घाबरू नका. भाषा घरातलीच आहे. ज्यांना डोळ्यांमुळे वाचता येत नाही अशा आजींना नातवाने रोज रात्री चार पानं वाचून दाखवली तरी चालेल. सुरुवात वडिलांच्या सोवळ्यापासून होते, तिथूनच धरा.